करडईतला कोळी

मला लांबचं दिसत नाही. लहानपणी अणदूरला आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसले, की रस्त्यानं कोण चाललंय ते मी चालीवरून ओळखायचे; तोंड म्हणजे नुसता पुसट डाग. मुलीला चष्मा लावायची आमच्या घरात रीत नव्हती. जवळचं मात्र मला असं दिसायचं, की घरात कुणालाच तसं दिसत नसे. सुईत दोरा ओवायचा, डाळीतले खडे वेचायचे, कुणाच्या टाचेतलं कुसळ काढायचं, की मलाच हाक. वस्तू नाकापाशी धरायची, म्हणजे ती मोठी होऊन समोर यायची. मुंगळ्याच्या पायावर लव असते हे मला अगदी लहानपणापासून ठाऊक होतं. ती बाकीच्यांना दिसत नाही, हे कळायला बराच काळ गेला.

लग्न जुळवताना डोळ्यांचं कुणी बोललं नाही. बोलले असते तर जुळलं नसतं. पाहायला आले तेव्हा मी खाली मान घालून बसले होते, आणि खाली मान घातलेल्या मुलीला लांबचं दिसतं का, हे कोण विचारतो.

हे माझ्याहून बरेच मोठे. तुळजापुरात देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर यांचं फोटोचं दुकान होतं. सोलापुरात, म्हणजे इंग्रजी मुलखात, एका फोटोवाल्याच्या हाताखाली राहून हे काम शिकले आणि परत येऊन निजामाच्या हद्दीत दुकान थाटलं. पाटीवर वर उर्दू, खाली मराठी. आत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर जिना, कठडा आणि लांबवर एक तळं. दर्शनाला आलेली माणसं त्या पडद्यापुढं श्वास कोंडून उभी राहायची आणि गावी जाताना आपली तसबीर घेऊन जायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझं बिंग फुटलं. माझा सख्खा भाऊ समोरच्या दुकानापाशी उभा राहून माझ्याकडं बघून हसत होता, आणि मी कोणी परका समजून पदर ओढून आत गेले. सासूबाई चिडल्या, फसवलं म्हणाल्या. यांनी दुसऱ्या दिवशी मला दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. एका काचेवर कुणाचा तरी चेहरा उमटला होता. तेव्हा फिल्म नव्हती आमच्याकडं, फोटो काचेवरच घ्यायचे. हातात टोकदार पेन्सिल देऊन यांनी विचारलं, चेहऱ्यावरचे देवीचे वण दिसतात का. मी काच नाकापाशी धरली. एकेक वण वेगळा दिसत होता. ते पेन्सिलीनं कसे भरून काढायचे हे यांनी मला शिकवलं. त्यांना स्वतःला चाळिशी लागली होती. चष्मा लावून कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा जुळवता यायचा, पण बारीक काम होत नव्हतं. ते माझ्याकडं आलं. मग काचा धुणं आलं, औषधं कालवणं आलं.

हे खरं आहे आणि ते आधी लिहिलं पाहिजे. यांनी मला त्या खोलीत नेलं नसतं, तर माझ्या डोळ्यांचं आयुष्यभर चेष्टेपलीकडं काही झालं नसतं. म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

कॅमेरा हातात आला तो बायकांमुळं. आमच्याकडं बुरख्यातल्या बायका यायच्या, देशमुखांच्या पडद्यातल्या बायका यायच्या. त्यांना परक्या पुरुषापुढं तोंड उघडं करून बसता येत नव्हतं. यांनी मागच्या अंगणात एक खुर्ची टाकली आणि मला सगळं शिकवलं. काळ्या कापडात डोकं घालायचं, मागच्या दुधी काचेवर चित्र येतं ते स्पष्ट होईपर्यंत कॅमेऱ्याचा भाता मागंपुढं करायचा, मग दुधी काचेच्या जागी फोटोची काच सरकवायची, पुढच्या भिंगावरचं झाकण काढायचं, मनात मोजायचं, झाकण लावायचं. बायका माझ्याकडं बघून मोकळ्या हसायच्या. दुकानाला त्याचा फायदाच झाला.

कोळ्याचं पहिलं चित्र तामलवाडीला काढलं. तिथं आमचं शेत होतं, दीर कसायचे. त्यांना बैलांसोबत फोटो पाहिजे होता म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन गेलो होतो. थंडीचे दिवस. सकाळी मी करडईच्या कडंनं गेले, तर दोन झाडांच्या मध्ये एक मोठं जाळं ताणलेलं आणि मधोमध एक पिवळ्या पट्ट्यांचा कोळी. दोन-दोन पाय जोडून बसलेला, चार बाजूंना चार काड्या टाकल्यासारखा. जाळ्यात पांढऱ्या धाग्याची नागमोडी शिवण घातलेली. सगळ्यावर दव. मी तोंड इतकं जवळ नेलं की करडईचे काटे गालाला लागले. मग मागं आले आणि यांना म्हटलं, एक काच उरलीय, ती मला द्या.

"कोळ्यावर काच वाया घालवायलीस?" असं म्हणाले, पण दिली. कॅमेरा ठेवायची तीन पायांची घोडी उचलून काट्यात आणून ठेवलीही.

माणसाचा फोटो काढताना भाता थोडाच ताणावा लागतो. किडा मोठा दिसायचा तर तो अगदी शेवटपर्यंत ताणावा लागतो, आणि मग भिंग जाळ्याच्या तोंडाशी जातं. उजेड कमी पडतो. जरा वारा आला की सगळं हलून जातं. कोळ्याच्या पाठीवर जुळवलं तर पाय पुसट, पायावर जुळवलं तर पाठ. कापडाखाली मी किती वेळ होते कोण जाणे. दीर शेवटी कंटाळून निघून गेले. वारा पडला तसं मी झाकण काढलं.

तुळजापुरात आल्यावर काच धुतली. कागदावर उतरवलं तेव्हा कोळी माझ्या तळहाताएवढा झाला होता. पायावरची लव दिसत होती, दवाचा थेंब न् थेंब दिसत होता. यांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि बराच वेळ ते चित्र बघत राहिले. म्हणाले, "हे तुला रोज असंच दिसतंय का?" मी व्हय म्हटलं. माझ्या आयुष्यात मला कुणी विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं माझी होती. महायुद्ध चालू होतं, त्या लढाईमुळं काचा मिळत नव्हत्या, तरी हे सोलापूरला गेले की माझ्यासाठी थोड्या जास्त आणायचे. थंडी पडली, की मी काही ना काही निमित्त काढून तामलवाडीला जायचे. थंडीत सकाळी किडे आखडलेले असतात, ऊन लागेपर्यंत हलत नाहीत, तेवढाच वेळ आपला. वाऱ्याच्या बाजूला जाऊबाईंचं घोंगडं काठीवर टांगायचं. मी ज्वारीच्या पोग्यातली, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीतली, अळी काढली. चिकट्यानं, म्हणजे माव्याच्या बारीक किडीनं, भरलेल्या पानावर तो चिकटा खाणारा ठिपक्यांचा लाल किडा काढला. पाठीवर सगळी पिल्लं घेऊन ढेकळाच्या आडोशाला बसलेली कोळीण काढली. हिरवा, लांब मानेचा, पुढचे पाय जोडून बसणारा एक किडा असतो. आमच्या अणदूरकडं त्याला खंडोबाचा किडा म्हणतात आणि मारत नाहीत. तो तोंडात माशी धरून बसला असताना मी काढला. त्याचे डोळे मला इतके स्वच्छ मिळाले, की जाऊबाईंनी चित्र पाहून घाबरून हातातलं टाकलं. लोक म्हणायचे फोटोवाल्याच्या बायकोला खूळ लागलंय. म्हणू देत, असं मला वाटायचं.

खंडोबाच्या किड्याचं ते चित्र दुकानात दोरीवर वाळत होतं, त्या दिवशी शेतकी खात्याचे एक साहेब दुकानात आले. हैदराबादचे, दौऱ्यावर होते. शेरवानी, गळ्यापर्यंत गुंड्या, बोलणं सावकाश. आले होते स्वतःचा फोटो काढायला. दोरीकडं बघितलं आणि उभेच राहिले. मी पडद्यामागं होते.

"ये किन्ने उतारे?" त्यांनी विचारलं.

यांनी पडद्याकडं मान वळवली. मला वाटलं, आता सांगतील. मी पदर सारखा केला, बोलावलं तर पुढं जायची तयारी म्हणून.

"मैंच उतारा, साहब," हे म्हणाले.

साहेबांनी मग बाकीची चित्रं मागितली. एकेक हातात घेऊन बघितलं. ज्वारीवरच्या किडींचा एक किताबचा, म्हणजे छोटं पुस्तक, खात्यातर्फे काढायचा होता, शेतकऱ्यांना वाटायला. अशी चित्रं हैदराबादेतही कुणाला जमत नाहीत, आम्ही हातानं काढलेली चित्रं छापतो, असं ते म्हणाले. किडीवर जगणारे कोळीही त्यात घेऊ म्हणाले. हे सगळ्याला जी, जी म्हणत होते.

साहेब गेल्यावर मी विचारलं. हे म्हणाले, परक्या माणसापुढं बायकोचं नाव कसं घ्यायचं, त्यांच्यातही घेत नाहीत. मी म्हटलं, नाव नका घेऊ, घरातल्या माणसानं काढलंय एवढं म्हणा. पुढच्या खेपेला म्हणतो, असं यांनी कबूल केलं. मी विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं तोपर्यंत यांनी काही केलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला साहेब थेट तामलवाडीला आले. काम कसं करता ते बघायचंय म्हणाले. निरोप आदल्या दिवशी आला आणि यांच्या तोंडचं पाणी पळालं. कापडाखाली जाऊन किड्याच्या डोळ्यावर जुळवणं यांना जमणार नव्हतं, हे यांनाही ठाऊक होतं. तेव्हा यांनी मला विचारलं, "कसं करायचं?" आणि मी, माझंच काम दुसऱ्याचं दिसावं म्हणून, युक्ती काढून दिली.

मी सकाळी आधी जाऊन कॅमेऱ्याचा भाता ताणून पक्का केला. एका कोळ्यावर नीट जुळवलं आणि भिंगापासून कोळ्यापर्यंतच्या अंतराची एक कडब्याची काडी तोडली. यांना सांगितलं, भात्याला हात लावायचा नाही. काडीचं एक टोक भिंगाच्या कडेला टेकवायचं आणि दुसरं टोक कोळ्याच्या बरोबरीनं येईपर्यंत अख्खा कॅमेराच घोडीसकट मागंपुढं करायचा. तेवढं जमलं की चित्र जुळलंच.

साहेब आले, सोबत पाटील, गावची दोन-चार माणसं. हे दाखवण्यापुरते काळ्या कापडात शिरून बाहेर आले आणि काडी भिंगाच्या कडेला टेकवली. मी डोक्यावरून पदर घेऊन घोंगडं धरून उभी. काडी कोळ्याच्या पुढं गेली होती. मी हळूच माझ्या माहेरच्या कानडीत म्हटलं, "हिंद, हिंद." मागं घ्या. माझ्याकडून हे थोडं कानडी शिकले होते. यांनी घोडी मागं घेतली. "साकु," मी म्हटलं. पुरे. साहेबांना कानडी येत नव्हतं. त्यांना वाटलं असेल बाई जप करतेय. यांनी झाकण काढलं, लावलं. साहेब खूश झाले. काडीची युक्ती तर त्यांना फारच आवडली. हे तुम्हाला कसं सुचलं, असं त्यांनी यांना विचारलं. हे म्हणाले, करता करता सुचलं.

घरी येताना गाडीत हे फार आनंदात होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज लाज राखलीस." मी त्यांच्याकडं बघितलं. पुढच्या खेपेला म्हणतो, हे शब्द यांना आठवतही नव्हते.

किताबचा निघाला. पातळसा, पिवळ्या कागदाचा, पण चित्रांची पानं चांगली होती. सगळं उर्दूत. मला उर्दू वाचता येत नव्हतं. शेवटच्या पानावर यांनी बोट ठेवलं आणि इथं माझं नाव आहे म्हणून वाचून दाखवलं. मी ते अक्षर बराच वेळ बघितलं. नाकाशी धरून बघितलं. मग हैदराबादच्या प्रदर्शनात साहेबांनी ती चित्रं मोठी करून लावली आणि यांना बोलावणं आलं. मी येते म्हटलं. पोरांना कोण बघेल, दुकान कोण बघेल, आणि तिथं बायकांना आत सोडायचा वार वेगळा असतो, असं यांनी बरंच ऐकवलं. हे नवी शेरवानी शिवून गेले, चांदीचा बिल्ला आणि सनद घेऊन आले. बिल्ला छातीवर लावलेला यांचा फोटो रंगवलेल्या पडद्यापुढं मीच काढला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या पेन्सिलीनं मीच घालवल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात साहेबांच्या बेगम आल्या. साहेब देवळाजवळच्या कचेरीत कुणाला तरी भेटायला गेले होते, बेगमना आमच्या मागच्या अंगणात सोडून. बुरखा काढला तर आत माझ्याच वयाची, पानानं ओठ लाल झालेली, थकलेली बाई. मी कापडात शिरले. बाहेर आले तेव्हा त्या माझ्याकडं निरखून बघत होत्या. भाता मी ज्या सवयीनं फिरवला ते त्यांनी बघितलं असावं. शिवाय त्यांची ओढणी सारखी करायला मी जवळ गेले, तर खुर्चीच्या पायावर एक टिचभर उड्या मारणारा कोळी आला आणि मी फोटो सोडून त्याच्याकडं वाकले. माझ्याकडून नकळत झालं ते.

"कीड़ों की तस्वीरां तुमीच उतारते ना?" बेगमनी विचारलं.

 माझे डोळे भरून आले आणि तेच उत्तर झालं. त्यांनी माझा हात धरला, औषधांनी काळी पडलेली बोटं उलटी करून बघितली. मैं बोलती उनको, असं म्हणाल्या. मी नको म्हटलं नाही. मला पाहिजेच होतं. त्या घरी जाऊन सांगतील, साहेब यांना विचारतील, आणि मग यांना खरं सांगावंच लागेल, असा माझा हिशेब होता.

साहेब पावसाळ्यानंतर परत आले. नव्या चित्रांची गोष्ट काढली. मी पडद्यामागं उभी होते. मग हसत म्हणाले, "हमारी बेगम बोलते, कीड़ों की तस्वीरां आपके घर में से उतारते." घर में से म्हणजे बायको, बायकोचं नाव न घेता तिच्याविषयी बोलायचं ते असंच.

हेही हसले. "जी, थोड़ा हाथ बटाती है," म्हणाले.

"अच्छा है, अच्छा है. किताबचे पे तो आपका नाम चढ़ गया." साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पुढच्या वर्षी तूर आणि कपाशीवरची कीड घेऊ, असं ते सांगू लागले.

एवढंच. कुणाचा आवाज चढला नाही, कुणाची मान खाली गेली नाही. खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं आणि त्यानं काहीच बदललं नाही. तोपर्यंत मला वाटत होतं की खोटं आहे ते फक्त साहेबांना माहीत नाही म्हणून टिकलंय.

त्या दिवशी जेवायला वाढताना मी म्हटलं, "आता कळलंय न्हवं सायबाला. आता तरी नीट सांगायचं होतं."

"सांगून काय झालं असतं? सरकारी कागद परत छापणार व्हते का?"

"छापू नका म्हणावं. पण सांगायचं."

यांनी घास खाली ठेवला. "तुला काय कमी पडायलंय? नाव माझं लागलं काय अन् तुझं लागलं काय, घर तर एकच हाय."

"एकच हाय तर मग तुमीच काढा," मी म्हटलं. "म्या हितून पुढं न्हाय काढणार."

हे हसले. चार दिवसांत राग जाईल असं त्यांना वाटलं. राग गेला, पण मी काढलं नाही. थंडी आली, तामलवाडीहून जाऊबाईंचा निरोप आला की करडईत जाळीच जाळी झालीत. मी गेले नाही. हे एकटे जाऊन आले. काडी घेऊन गेले होते, पण काडी त्या एका भात्याच्या ताणाची होती. भाता हलला की तिचा उपयोग नाही, हे यांना मी कधी सांगितलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं. काचा धुवायला माझ्याकडंच आल्या. सगळ्या पुसट. मी त्या वाळवून यांच्यापुढं ओळीनं ठेवल्या. हे उठून गेले. साहेबांना यांनी कळवलं की लढाईमुळं चांगल्या काचा मिळेनाशा झाल्यात. लढाई तोवर संपली होती, पण काचांची टंचाई होतीच, ते खपून गेलं.

यात मी जिंकले असं कुणाला वाटेल. सकाळी अंगणात झाडलोट करताना कुंपणावर जाळं दिसायचं आणि मी तोंड फिरवून घ्यायचे. यांच्या हाती काही लागू नये म्हणून मी माझंच बंद केलं होतं. यांचं दुकान चालूच होतं.

मग ते दिवस आले ज्यांविषयी सगळ्यांनीच लिहिलंय. रझाकारांची भीती वाढली, हद्दीवरची गावं रिकामी होऊ लागली, व्यापारी सोलापूरकडं निघाले. आम्हीही निघालो. तुळजापुरातलं सामान आधी तामलवाडीला नेलं, कारण तिथून हद्द जवळ. तिथून पुढं गाडीत पोरं, भांडी, कॅमेरा आणि रंगवलेला पडदा. किड्यांच्या काचांच्या पेट्या जड होत्या. मी म्हटलं, एक तरी पेटी घेऊ. हे म्हणाले, एवढं ओझं कशाला, काचा फुटतीलच वाटेत, परत येऊ तेव्हा बघू. पेट्या दिरांच्या घरात माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, ठेवल्या. बिल्ला आणि सनद मात्र यांनी कोटाच्या आत बांधून घेतली होती. सोलापुरात पोचल्यावर कोट काढला तेव्हा मला ती दिसली.

सोलापुरात एका नातेवाइकाच्या पडवीत आम्ही दिवस काढले. हिंदी फौज आत गेली, निजामाचं राज्य संपलं, आणि लोक परत फिरले. परतताना वाटेतल्या गावांत काही घरं जळालेली दिसली. आधी एकांची जळाली होती, मग दुसऱ्यांची. हैदराबादचे ते साहेब आणि त्यांच्या बेगम यांचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. कुणी म्हणालं नोकरी गेली, कुणी म्हणालं पाकिस्तानात गेले. माझी चित्रं माझीच म्हणून आपणहून ओळखणारी एकच बाई होती, ती अशी गेली.

तामलवाडीचं घर उभं होतं. कुलूपही तसंच होतं. पण दीरही सोलापूरला आले असल्यानं पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायला कुणी नव्हतं, आणि त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. माळवद गळलं होतं. पाणी नेमकं पेट्यांवर. मी पेटी उघडली. काच काचेला चिकटली होती. दोन काचा सोडवायला गेले, तर वरचा चित्राचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा सुटून माझ्या बोटाला आला. खंडोबाचा किडा होता तो. डोळे गेले होते, एक पाय तेवढा उरला होता. खालच्या सगळ्या काचांवर बुरशी. मी एकही बाजूला काढली नाही, काढण्यासारखी नव्हतीच. हे उंबऱ्यात बसून रडले. "माझी सगळी कमाई गेली," असं म्हणत होते. जाऊबाई त्यांना पाणी देत होत्या. मला कुणी विचारलं नाही. रडणाऱ्यालाच विचारतात.

तुळजापुरात दुकान परत उघडायचं होतं. आमची जागा कुणीतरी बळकावली होती. नव्या राजवटीतले एक मराठी बोलणारे साहेब तालुक्याला आले होते, त्यांचा फोटो काढायला यांनी त्यांना तात्पुरत्या खोलीत बोलावलं. फोटो काढून झाला. काच मी आतल्या बाजूला औषधात सोडली. बाहेर हे साहेबांना सांगत होते, की आपण किड्या-कोळ्यांची चित्रं काढायचो, निजामाच्या राज्यातही आपल्या हाताला मान होता, आणि रझाकारांनी घर फोडून एकेक काच दगडावर आपटली. साहेब च्च च्च करत होते. अशा माणसाला जागा मिळालीच पाहिजे, असं ते म्हणाले.

मी बाहेर आले. परक्या पुरुषापुढं असं मी कधीच आले नव्हते.

"ती चित्रं म्या काढलेली," मी म्हटलं. "अन् काचा कुणी फोडल्या न्हाईत. माळवद गळलं."

 साहेबांनी यांच्याकडं बघितलं. हे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. अगदी मायेनं म्हणाले, "जा आत. सायब, त्या धामधुमीपासून हिचं जरा असंच होतंय. लई सोसलंय तिनं."

साहेबांचा आवाज मऊ झाला. "असू द्या बाई," ते म्हणाले, "नवऱ्याचं ते बायकोचंच असतं."

हे हसले, मग साहेब हसले. मी आत गेले. काच औषधात जास्त वेळ राहिली असती तर काळी पडली असती. मी ती काढली, पाण्यात धुतली, वाळत ठेवली. साहेबांचा फोटो चांगला आला होता. आम्हाला जागा मिळाली.

हे पुढं पुष्कळ वर्षं जगले. दुकान मुलानं सांभाळलं. किड्यांचं चित्र मी परत काढलं नाही. आधी हट्टानं, मग संसारात, मग सवयीनं. म्हातारपणी हे ओसरीवर बसून नातवंडांना सांगायचे, थंडीत करडईच्या काट्यात कसे उभे राहायचे, वारा पडायची वाट कशी बघायचे, गालाला काटे कसे लागायचे. खोटं बोलत नव्हते ते तेव्हा. त्यांना तसंच आठवत होतं. गालाचे काटे तर मीच त्यांना कधीतरी सांगितले असणार. पोरं डोळे मोठे करून ऐकायची.

एकदा धाकट्या नातीनं मला विचारलं, "आजी, तू कुठं होतीस गं तेव्हा?"

मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "तिथंच होते."